जुना पहारा काढताना

स्टीलच्या रिकाम्या वाटीला चमच्याचे टोक दोनदा लागावे, तसा तो आवाज होता. पहिला सूर किंचित चढा, दुसरा त्याच्या एक पायरी खाली, आणि मागोमाग खोलीभर पसरून भिंतीत जिरणारी बारीक थरथर. आमच्या लॅपटॉपमधला अँटिव्हायरस रोज सकाळी दहा वाजता तपासणीला निघे, त्याची ही वर्दी. मी लिहायला बसलेली असले की ती नेमकी ओळ मोडायच्या जागी येऊन पडे. एकदा वैतागून मी तो अँटिव्हायरस बंदच करून टाकला. संध्याकाळी गणिताच्या बाईंनी ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याला पासवर्ड लावला.

“काय ठेवलात?” मी विचारले.

“सांगितलं तर पासवर्ड कसला, बाई?”

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवत होतो. त्या गणित, मी मराठी. शिक्षकांच्या खोलीतले ‘बाई’ आणि ‘अहो’ आम्ही घरी आणले आणि ते तसेच राहिले. सव्वीस वर्षे एका छताखाली काढूनही आम्ही एकमेकींना कधी नावाने हाक मारली नाही. त्या विश्रांतवाडीच्या. वडिलांचे वह्या-पुस्तके बांधून देण्याचे दुकान होते, ते पुढे धाकट्या भावाकडे आले. शाळेपासून घर फार लांब पडते म्हणून त्या कर्वेनगरला माझ्या दोन खोल्यांत ‘हे वर्ष संपेपर्यंत’ राहायला आल्या होत्या. त्यांची नमाजाची चटई खिडकीखाली, माझी पुस्तके समोरच्या भिंतीला, आणि मध्ये जेवणाचे टेबल. त्याच टेबलावर, ताटे उचलली की, लॅपटॉप उघडला जाई.

निवृत्तीनंतर मी पुन्हा कविता लिहू लागले होते. पेन्सिलीने, आडव्या रेघांच्या वहीत, खाडाखोड करत. आठवड्यातून दोन संध्याकाळी बाई ती वही पुढ्यात घेत आणि माझ्या कविता टाइप करत. टाइप करताना त्या प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत, उदाहरण फळ्यावर उतरवताना वाचावे त्याच सपाट स्वरात.

“‘उन्हाची घडी मोडून ठेवली कुणी’. इथे प्रश्नचिन्ह?”

“नाही.”

“विचारलंय तर खरं.”

“विचारलेलं नाही हो, म्हटलेलं आहे.”

“मग पूर्णविराम. काहीतरी एक ठरवा, मार्क कापले जातात.”

त्यांचा एक नियम होता. आयुष्यभर त्यांनी मुलांना समासात कच्चे काम करायला शिकवले, आणि पक्के उत्तर उतरले की कच्चे फाडायला लावले. दोन ठिकाणी लिहिलेले राहिले की मुले चुकीच्या ठिकाणाहून उतरवतात, असा त्यांचा अनुभव. हाच नियम त्यांनी माझ्या कवितांना लावला. एक वही टाइप होऊन दोनदा तपासली गेली की ती रद्दीत जाई. लॅपटॉपमध्येही प्रत राहत नसे. फाईल एकच, ती पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह मसाल्याच्या कपाटात वरच्या कप्प्यात, रिकाम्या चहाच्या डब्यात. मला हे पटत होते असे नाही. परंतु त्यांच्या त्या कोरड्या आवाजातून परत आलेली माझी ओळ मला वहीतल्यापेक्षा अधिक खरी वाटे, आणि एकदा ती तशी ऐकल्यावर वहीकडे पुन्हा पाहावेसे वाटत नसे. सात वर्षांत चाळीसच्या वर कविता झाल्या. सहा वह्या रद्दीत गेल्या.

मग मला त्या सगळ्या कागदावर पाहण्याची इच्छा झाली. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी पेनड्राइव्ह नेला. तिथल्या मुलाने तो यंत्रात घातला, काढला, पुन्हा घातला, आणि फाईल उघडत नाही असे सांगून मला परत दिला. मी घरी आल्यावर बाईंनी तो लॅपटॉपला लावला, तर पडद्यावर लाल चौकट उगवली. फाईलला दुकानातल्या यंत्रातून लागण झाली होती. अँटिव्हायरसने ती पेनड्राइव्हवरून उचलली आणि आपल्या आतल्या क्वारंटाइनमध्ये बंद केली.

“तुमच्या कवितांना ताप आलाय,” बाई म्हणाल्या. “कोंडून ठेवलंय त्यांना. परवा सवडीने औषध देऊन बाहेर काढते.”

तो परवा आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाताचे पाणी काढता काढता त्यांच्या हातून पातेले निसटले. मी धावत गेले तेव्हा त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून काहीतरी सांगू पाहत होत्या. शिजलेल्या तांदळाचा वाफाळता वास घरभर होता. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. रुग्णालयाच्या कागदावर रुग्णाशी असलेले नाते लिहायची जागा होती. मी बराच वेळ पेन हातात धरून उभी राहिले आणि तिथे ‘सहकारी’ असे लिहिले. तीन आठवड्यांनी भाऊ त्यांना विश्रांतवाडीला घेऊन गेले. ते योग्यच होते. तिथे माणसे होती.

त्यानंतरच्या दहा महिन्यांचे सांगण्यासारखे फारसे नाही. दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची केली, तरी ती नासत राहिली. कणीक दोन पोळ्यांची मळायला मला जमेना; हात चार पोळ्यांचीच घेई. पंख्याचा आवाज वाढला, की घर शांत झाले म्हणून तो ऐकू येऊ लागला, ते कळत नसे. मी एकही ओळ लिहिली नाही. मनात शब्द येत, परंतु ते कोणी सपाट स्वरात वाचून दाखवणार नाही हे जाणवले की ते आपले आपणच विरून जात. सकाळी दहाला मात्र लॅपटॉपमधली ती वाटी दोनदा वाजे, आणि मी न चुकता मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाही.

एका सोमवारी ती वाजली नाही. पडद्यावर पिवळी पट्टी होती: संरक्षणाची मुदत संपली आहे.

मी आठ-दहा दिवस तसेच जाऊ दिले. मग न बोलावलेल्या खिडक्या उघडू लागल्या. पेन्शनचा हयातीचा दाखला भरायला बसले तर एक अनोळखी चौकट मधोमध येऊन बसली आणि हलेना. त्या यंत्रावर माझे पेन्शन, बँक, वीज, सगळेच होते. तेव्हा मी नारायण पेठेतल्या एका दुकानातून नवा अँटिव्हायरस आणला. तो बसवायला घेतला, तर त्याने पहिल्याच पायरीवर नकार दिला. या यंत्रात आधीच एक अँटिव्हायरस आहे, तो काढल्याशिवाय मला येता येणार नाही, असा त्याच्या इंग्रजी सूचनेचा अर्थ. मी पडद्यावरचे जुन्याचे चित्र पुसले. सूचना कायम. तेव्हा लॅपटॉप पिशवीत घालून मी पुन्हा दुकानात गेले.

दुकानदार साठीचे गृहस्थ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि यंत्राकडे न पाहता आधी माझ्याकडे पाहिले.

“जुना काढलात का?”

“काढला ना.”

“कसा?”

“त्याचं चित्र पुसलं.”

“म्हणजे दारावरची पाटी काढलीत. बिऱ्हाड आतच आहे, ताई.”

“दोघांना एकत्र नाही का ठेवता येणार?”

“ठेवा की. दोन पहारेकरी एका दाराशी उभे केले तर ते चोर सोडून एकमेकांचीच मानगूट धरतात. मशीन मधल्यामध्ये मरतं. आणि जुना नीट काढायचा म्हणजे मुळासकट. अर्धा काढून चालत नाही, त्याचे तुकडे राहिले तरी नवा कुरकुरतो.”

त्यांनी यंत्र उघडले, आतल्या यादीत जुन्या अँटिव्हायरसचे नाव शोधले आणि काढून टाकण्याची आज्ञा दिली. यंत्राने पासवर्ड मागितला. त्यांनी भुवया वर केल्या. मला माहीत नाही, असे मी म्हटले. ज्यांनी लावला त्यांना आता बोलता येत नाही, असेही म्हटले. पासवर्ड विसरल्यास नवा मिळवायची सोय होती. ती बाईंच्या मोबाइल क्रमांकावर जात होती, आणि तो क्रमांक त्यांच्या घरच्यांनी केव्हाच बंद केला होता.

“हरकत नाही,” ते म्हणाले. “कंपन्यांनी अशासाठी साफ करायचा एक छोटा प्रोग्राम करून ठेवलेला असतो. पासवर्ड लागत नाही त्याला. झाडून सगळं नेतो. क्वारंटाइनमध्ये काही ठेवणीतलं नाही ना?”

मी सांगितले.

त्यांनी कपाळावरचा चष्मा उतरवला. नंतर बोलले तेव्हा त्यांच्या स्वरातली धार गेली होती. क्वारंटाइनचा तो कप्पा पासवर्डशिवाय उघडत नाही. पासवर्ड मिळाला तर फाईल बाहेर काढून साफ करणे पाच मिनिटांचे काम. नाही मिळाला, आणि तो साफ करणारा प्रोग्राम चालवला, तर कप्पाही जाणार, आतले सगळेही जाणार. आणि एकदा गेले की ते कोणालाच परत आणता येणार नाही.

“दुसरी प्रत असेल की,” ते म्हणाले.

“नाही.”

“अहो, बँकेच्या जुन्या पासबुकाची प्रत ठेवतात लोक.”

मला त्यांना नियम समजावून सांगता आला नसता. त्यांनी तो प्रोग्राम एका पेनड्राइव्हवर घालून दिला, कागदावर चार पायऱ्या लिहून दिल्या, आणि सुटे परत देताना म्हणाले, “आधी त्यांना विचारून बघा. माणसाला काय आठवेल, सांगता येत नाही.”

विश्रांतवाडीला जायला दोन बस बदलाव्या लागतात. लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले होते. त्या दुपारी पुलावर नदीचा कुबट वास आत आला, नंतर भाजलेल्या कणसांचा, नंतर पुष्कळ वेळ नुसत्या डिझेलचा. मी स्वतःशी एक कविता पहिल्यापासून म्हणायचा प्रयत्न केला. मला माझ्या कविता पाठ नसतात. पहिल्या दोन ओळी आल्या, तिसरीच्या जागी तिची फक्त लय आली, शब्द आले नाहीत. दुसरी कविता घेतली. तिचेही तेच.

बाईंच्या भावजयीने दार उघडले. घरात मालिशच्या तेलाचा आणि चहातल्या वेलचीचा वास मिसळलेला होता.

“या ताई. आपा आत्ताच उठल्यात,” ती म्हणाली. “आज बरं आहे. सकाळी न्याहारी नको म्हणून वाटी ढकलून दिली.”

“म्हणजे बरं आहे?”

“रागावल्या ना. रागावल्या की बरं असतं.”

बाई खिडकीजवळ उशांना टेकून बसल्या होत्या. केस कापून बारीक केले होते. त्यामुळे कपाळ मोठे दिसत होते, आणि डोळे तेच. त्यांच्याजवळ आता चार-पाच शब्द उरले होते. पाणी, हो, नको, बास. कधी फार दिवसांनी एखादा निराळा शब्द येई, तो कुठून आला हे त्यांनाही कळत नसावे असे भावजय सांगे. मी पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांच्या पुढ्यात लॅपटॉप उघडला. त्यांनी डाव्या हाताने त्याच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसली आणि ते बोट मला दाखवले.

“हो, हो. पुसते उद्यापासून,” मी म्हटले.

मग मी सगळे सांगितले, हळूहळू, एकेक वाक्य. मुदत संपली आहे. नवा आणला आहे. जुना काढल्याशिवाय नवा येत नाही. माझ्या कविता जुन्याच्या आत कोंडलेल्या आहेत, आणि तो कप्पा तुमच्या पासवर्डनेच उघडतो. तुम्हांला आठवतो का?

त्यांनी पडद्याकडे पाहिले. पासवर्डची पांढरी चौकट समोर होती आणि तिच्यात ती बारीक उभी रेघ लुकलुकत होती. डावा हात त्यांनी कळांवर आणला. तर्जनी वरच्या आकड्यांच्या ओळीवरून फिरली, थांबली, पुढे गेली. एक आकडा. बराच वेळ काही नाही. मग तीन आकडे भराभर. चौकटीने नकार दिला.

दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवत दाबले. नकार.

“आकडे येतात आपांना,” भावजय दारातून हळूच म्हणाली. “क्रम हरवतो. परवा घरचा फोन नंबर सांगत होत्या. सगळे आकडे बरोबर होते.”

तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आले की बाईंच्या कपाळावर घाम आला आहे. चाळीस वर्षे मुलांच्या चुका लाल शाईने गोल करणारी ती बाई माझ्यासमोर स्वतःचे उत्तर शोधत होती आणि ते सापडत नव्हते. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला आणि शेवटची कळ दाबली. चौकट करडी झाली. यापुढे काही काळ प्रयत्न करता येणार नाही, अशी सूचना आली.

बाहेर कोणीतरी गाडी धूत होते. पाण्याचा फवारा पत्र्यावर आपटत होता. परत जावे, यंत्र आहे तसे ठेवावे, असे मला वाटले. पेन्शनसाठी दुसरे यंत्र घेता येईल. हे कपाटात ठेवून द्यावे, आत बंद कविता घेऊन. त्या वाचता आल्या नाहीत तरी आहेत, एवढे तरी राहील.

बाईंनी माझ्या पिशवीकडे बोट केले. दुकानदारांनी चार पायऱ्या लिहून दिलेला कागद तिच्यातून डोकावत होता. मी तो दिला. त्यांनी तो वाचला, दोनदा, नंतर पेनड्राइव्हकडे बोट केले. मला वाटले, त्यांना काय काय आहे ते फक्त पाहायचे आहे. मी पेनड्राइव्ह लावला, प्रोग्राम उघडून दाखवला आणि म्हटले, “हा सगळं साफ करतो. कप्प्यासकट. म्हणून मी चालवलेला नाही.”

पडद्यावर शेवटची सूचना होती. क्वारंटाइनमधल्या सर्व वस्तू कायमच्या नष्ट होतील. पुढे जायचे का? बाईंनी तर्जनी पडद्याला लावली आणि एकेका इंग्रजी शब्दाखालून ती सरकवत पूर्ण सूचना वाचली. ‘कायमच्या’ या अर्थाच्या शब्दाखाली बोट थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मला त्यांचे काय म्हणणे आहे हे कळायच्या आधी बोट खाली आणले आणि ‘होय’ची कळ दाबली.

मी त्यांचा हात धरला तेव्हा उशीर झाला होता. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. ती थांबवायची कशी हे मला माहीत नव्हते आणि त्यांनी ते सांगितले नसते. पट्टी पूर्ण झाली, एक ओळ आली की जुना अँटिव्हायरस पूर्णपणे काढण्यात आला आहे, आणि यंत्र आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होण्यासाठी काळे झाले. त्या काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो, शेजारी शेजारी, त्यांच्या चेहऱ्याचा एक कोपरा खाली ओढलेला.

सव्वीस वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढला नाही, पण कापत होता.

“बाई, वह्या नाहीत. फाईल नाही. मला एकही कविता पुरती आठवत नाही. सात वर्षं होती ती. हे काय केलंत तुम्ही? आता मी काय करू?”

भावजय चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबली. बाईंचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मानेची शीर ताठ झाली. पाणी हवे असेल असे वाटून भावजय पुढे आली, तर त्यांनी डावा हात वर करून तिला थांबवले. त्यांचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. जिभेने टाळू शोधली, एकदा चुकली, आणि मग त्यांच्या त्या जुन्या, सपाट, कोरड्या आवाजात शब्द आला:

“लिहा.”